पीळ

कंगवा लावायचा नाही. हा पहिला नियम.
बोयतारच्या अंगावर बोटंच चालतात,
कातडीपासून सुरुवात करून एकेक जट
शेजारच्या जटेपासून सोडवत.
नाहीतर सगळं मिळून घोंगडं होतं,
आणि घोंगड्याला रिंगणात कुणी विचारत नाही.

गुरुवारी उजाडता त्याला मेंढ्यांच्या हौदात उभा केला.
कोरडा साठ किलो. भिजल्यावर किती, देव जाणे.
साबण मुरवायचा, चोळायचा नाही, मग पिळायचं,
पाणी गढूळ, पाणी कमी गढूळ, पाणी.
चारशेच्या पुढे मी जटा मोजत नाही.
आंब्रुश मोजायचा. दर वेळी निराळा आकडा,
दर वेळी शपथेवर.

मग वाळवण. दोन दिवस, दोन रात्री.
गिझेलाने पाप्रिकाच्या शेडमधले मोठे पंखे दिले,
"पाती पुसून घे हं," म्हणाली.
पुसली. पुरेशी नाही.
पंखे घरघरत राहिले, बोयतार शिंकत राहिला,
मी स्टुलावर बसून मुळाशी हात घालून बघत राहिले.
ओल राहिली की कुबट वास धरतो,
आणि परीक्षक आधी नाकाने बघतात.

पहाटे तीनला कधीतरी लक्षात आलं:
याचं काहीच गळत नाही.
सुटलेला केस आपल्याच जटेत अडकून बसतो.
खाली, जमिनीला टेकतं तिथे,
अजून पिल्लाचे केस आहेत, सायीच्या रंगाचे.
त्याच्या वर गोखरूंचं वर्ष.
त्याच्या वर तो हिवाळा, पंप गोठला तो.
आणि मुळापासून चार बोटांवर
आंब्रुश संपतो.
तिथून कातडीपर्यंत मी.
आठ महिने. जरा सैल, कुठे जाड कुठे बारीक.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे पीळ शाबूत आहे,
वळणारा गेला.

डाव्या काखेतल्या एका जटेत तपकिरी धागा निघाला.
त्याच्या स्वेटरचा. कोपराशी विरलेल्या.
नियमाप्रमाणे अंग पांढरं हवं, नुसतं पांढरं.
चिमटीत धरला.
बोयतारने मान वळवून पाहिलं, निदान मला तसं वाटलं,
त्याचे डोळे मला सहा वर्षांत तीनदा दिसलेत.
सोडला.

पळणं हे वेगळंच दुखणं.
जूनभर अक्रोडाभोवती फेऱ्या,
खिशात उकडलेली कलेजी, गुडघ्याला पट्टा.
कुत्रा अजून आंब्रुशच्या ढांगेने चालतो,
मला त्याच्या एका पावलाला दोन टाकावी लागतात,
थांब म्हटलं की तो थांबतो
आणि मी पुढे जाते.

रविवारी सेगेद. मंडपात चार कोमोन्दोर,
चार पांढरे ढिगारे, तोंड कुठलं हे मालकालाच ठाऊक.
परीक्षक तार्तूहून आलेला, लांब हातांचा, न बोलणारा.
दात पाहिले. पाठीवरून हात फिरवला.
जटांमध्ये मनगटापर्यंत बोटं घातली,
डाव्या काखेशी थांबला.
जरा जास्तच थांबला.
मग म्हणाला, पळवा.

तिसरे आलो. चारांत.
चौथा लंगडत होता.

शेरा टंकलेला, खाली शिक्का:
"भक्कम हाड. चाल मोकळी, लांब.
हाताळणारी मागे पडते.
केसांचा पीळ टोकांकडे अप्रतिम, मुळाशी शिकाऊ.
डाव्या काखेत परकी लोकर."

गाडीत मी शेवटची ओळ दोनदा वाचली.
परकी.
बोयतार मागे आडवा, शिंकला.

घरी दार उघडलं तसा सरळ मेंढ्यांत गेला,
त्यांच्यात मिसळला, दिसेनासा झाला,
मग धुळीत पाठ टेकून चारही पाय वर.
दोन दिवसांची मेहनत.
मी हाक मारली नाही.
पंखे उद्या परत द्यायचेत,
या वेळी नीट पुसून.