वरच्या गॅलरीतला आकडा

बारदेसकर सिस्टरांचा टेम्पो सायबर चौकाकडं वळला.
खोली झाडायला वर गेलो तर
गॅलरीच्या आकड्याला टोपली तशीच.
काथ्याची. आत एक वेल, माझ्या ओळखीची नव्हे.
पानं जाड, मेण पुसल्यागत;
टिचकी मारली तर वाजतील अशी.

मी उद्यमनगरातला माणूस. एकतीस वर्षं लेथवर.
कळत नाही ते आधी मोजायचं, एवढंच शिकलोय.
व्हर्निअर लावला. पानाची जाडी दोन मिलिमीटरला थोडी कमी,
दोन पेरांतलं अंतर बेचाळीस.
मोजून झालं. कळलं काहीच नाही.

शेजारच्या शेवंताक्का कठड्यावरनं म्हणाल्या,
"नागवेलीच्या भावकीतलं असंल. चावून बघा की."
चावलं नाही, तोडलं.
देठातून पांढरं दूध आलं
आणि उगाच चोरी सापडल्यासारखं झालं मला.

आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड.
त्यातलं तांब्याभर तिला रोज,
पाहुणीला कमी पडायला नको म्हणून.
दहाव्या दिवशी खालची पानं पिवळी,
हात लावायचा अवकाश, की खाली.

एक पान रुमालात गुंडाळून
कसबा बावड्याला इलाहीभाईंच्या नर्सरीत गेलो.
त्यांनी ते डोळ्याजवळ नेलं. मग माझ्याकडं बघितलं.
"पाणी कोण घालतंय?"
"मी."
"रोज?"
"रोज."
"जावई हाय व्हय तुमचा? उपाशी ठेवा जरा.
माती वाळू दे. विटंचा चुरा घाला, कोळसा घाला,
पर टोपली मोठी करू नगा. अडचणीतच बरं वाटतंय हिला.
ऊन सकाळचं. दुपारचं न्हाई."

"आणि नाव?"
"होया."
"अहो होय, पण नाव काय?"
"त्येच की! होया.
राधानगरीच्या रानात हिची बहीण झाडावर चढती,
तिला दूधवेल म्हणत्यात."

मागं कोळशाचं पोतं बांधून स्कूटर दसरा चौकात थांबली.
सिग्नल लांबला.
हेल्मेटच्या आत एकदा म्हणून बघितलं, होया.

मार्चात सिस्टरांनी जिन्यात विचारलं होतं,
"दादा, अजून सहा महिने राहिले तर?"
हातात डबा होता त्यांच्या, रात्रपाळीचा.
पोरगा पुण्याहून येणार होता. मी नाही म्हणालो.
पोरगा आला नाही.
खोलीत अजून डेटॉलचा वास आहे, कपाटाच्या बाजूला.

मग गॅलरीच्या भिंतीवर खडूनं तारखा लिहायला लागलो,
जॉबकार्डावर लिहितात तशा. पाणी दिलं. दिलं नाही.
माती बोटानं चाचपली, कोरडी, अजून दोन दिवस थांब.
थांबणं हे काम असतं हे लेथनं शिकवलं नव्हतं.

वेलीला एका ठिकाणी बोटभर काटकी होती,
पान नाही, कोंब नाही, वाळून गेल्यागत.
कात्री घेतली. कापायच्या आधी, का कोण जाणे, फोन लावला.
इलाहीभाई ओरडलेच,
"हात लावू नगा! फुलं तिथंच येत्यात,
दर साली, त्याच देठावर!"
कात्री पेटीत ठेवली. पेटीला कुलूप लावलं.

एप्रिल संपता संपता त्या काटकीच्या टोकाला
मुठीएवढा झुबका.
पाच पाकळ्या, मधे तांबूस चांदणी,
एकेक फूल कातून काढल्यासारखं,
सगळी एका मापाची असावीत.
व्हर्निअर खिशात होता. काढला नाही.

रात्री वास जिन्यापर्यंत उतरला.
शेवंताक्कांनी खालून विचारलं, "खीर केली काय वं कुणी?"
मी टोपलीखाली उभा. मनगटावर एक चिकट थेंब पडला,
चाटून बघितला. गोड.

अंधारात फोटो काढला, हलला जरासा.
सिस्टरांचा नंबर आहे माझ्याकडं.
फोटोखाली काय लिहायचं,
तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
शेवटी नुसतं झाडाचं नाव लिहून पाठवलं.

मग लक्षात आलं,
नाव त्यांना आधीपासूनच माहीत असणार.