तीस टक्के

मंठाळे वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला
आणि पाठकोऱ्या कागदावर मांडलं :
महिना साडेतीन हजार, दहा महिने.
एप्रिल-मे खोली रिकामी, रिकाम्याचं धरत नाहीत.
पस्तीस हजार.
चार खोल्यांच्या घरपट्टीतला एका खोलीचा वाटा बाराशे,
तो वजा, पण भरला असेल तरच.
राहिले तेहतीस हजार आठशे.
त्यातले तीस टक्के सोडून द्यायचे.

कशाचे?
"दुरुस्तीचे. झिजेचे."
मी तर वर्षभरात खिळासुद्धा ठोकला नाही.
"तरी सुटतात ताई. पावती लागत नाही.
सरकार धरूनच चाललंय,
माणूस राहिलं की घर झिजणार."

लातुरात एवढी वर्षं राहून
सरकारचं मला पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

वरची खोली, जिना बाहेरून.
नळाला आठ दिवसांनी पाणी,
म्हणून भाड्यात निळा ड्रम धरलेला, अर्धा तिचा.
शिवकन्या. गाव मुखेडच्याही पुढं,
वडील एसटीत मेकॅनिक.
पहाटे चारला गच्चीवर फेऱ्या घालायची,
झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे,
झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे,
खाली माझी झोप मोडायची
आणि मोडल्या झोपेत मीही पाठ करायची.

डबा मेसचा ठरला होता.
श्रावणात तिला कावीळ झाली, मेस सुटली,
तेव्हापासून माझ्या ताटाशेजारी तिचं ताट.
"जेवणाचे पैसे घेत असाल तर ते भाडं नव्हे,
वेगळ्या रकान्यात जाईल."
घेत नाही.
"मग लिहायचंच नाही."

मागच्या महिन्यात महापालिकेचा माणूस टेप घेऊन आला.
"वर कोण राहायलंय?"
माझे हात पिठात. तीच बोलली जिन्यावरून, चटकन :
मावशीचं घर आहे. भाची आहे मी.
भाडेकरू दिसला की पट्टी वाढते
हे तिला क्लासच्या पोरींनी सांगितलेलं.

त्याचं पेन थांबलं. सुटलं असतं.
पण चौतीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते मी,
जन्माची वेळ कधी पाच मिनिटं
इकडची तिकडं लिहिली नाही.
"भाडेकरू आहे," म्हटलं. "लिहा."

त्या रात्री ती ताट घेऊन वर गेली.
दुसऱ्या दिवशीही. होळीच्या पुरणालाही.
फेऱ्या चालूच आहेत, पण ओठ नुसते हलतात.
मला आता सहापर्यंत झोप लागते.
काय करायची ती झोप.

वकिलांचा कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवलाय.
तेवीस हजार सहाशे साठ
पेन्शनच्या खाली जातील, कर बसेल तो बसेल.
वरचे दहा हजार एकशे चाळीस
सोडले त्यांनी,
काय झिजलं, कुठं झिजलं
काही न विचारता.