खर्जाचे लोक

गुदैबियात, शिंप्याच्या मागच्या गल्लीत माझं दुकान.
व्हिसावर लिहिलंय : सुतार.
खोटं नाही ते.
मिरजेत काका भोपळे कोरायचा, मी पडदे बांधायचो,
इथे मनामात बास गिटारच्या माना सरळ करतो.

ऑगस्टात फार काम.
हॉटेलात एसी सोळावर, बाहेर सत्तेचाळीस,
आणि मधे कुणाच्या तरी गाडीची डिकी.
लाकूड तरी किती सोसेल?
मान वाकते, तारा उचलतात,
जवारी बिघडल्यासारखी खरखर येते,
मग गुरुवारी दुपारी बाकावर रांग.

सगळे खर्जाचे लोक.
वाजवतात तोवर कुणाला ऐकू येत नाहीत,
थांबले की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात.
एरवी मुखदुर्बळ,
पण कंपनीचं नाव काढा,
बाह्या सरसावतात.

इलोइलोचा आर्नुल्फो एकाच कंपनीची वाजवतो,
तीही पंचाहत्तरच्या आधीची.
(नाव घेत नाही, मला सगळी गिऱ्हाईकं सांभाळायचीत.)
'नंतरच्या लाकडात जीव नाही' म्हणतो,
जसा काही कारखान्यात हजेरीला होता.
दंडावर कंपनीचं नाव गोंदलंय,
त्याखाली बायकोचं,
जरा लहान अक्षरांत.

कँडीचा निहाल दुसऱ्या कंपनीचा.
एक आला की दुसरा करक चहा आणायला जातो
आणि पेला गार होईपर्यंत येत नाही.
मागच्या ईदला आर्नुल्फोच्या गिटारची मान तडकली,
ऐन कार्यक्रमाच्या दिवशी.
निहालनं न बोलता आपली पुढे केली.
गडी म्हणाला, पोट बिघडलंय.
तीन रात्रींचा पगार कापून घेतला,
पण हात लावला नाही.

हसू कसा?
मिरजेत गिऱ्हाईक यायचं :
अमक्या पेढीचीच सतार हवी, दुसरी दाखवू नका.
अमक्या पेढीचा माल आमच्याच माडीवरून जायचा.
काका भोपळा बंद करण्याआधी
आत शिसपेन्सिलीनं एक बारीक रेघ मारायचा.
कशाला, म्हटलं
तर म्हणायचा, फुटेल तेव्हा कळेल.

काल कायतान बार्रेटो आला.
मडगावचा, बासष्टचा, दम्याचा.
नव्वद साली कुवेतहून निघाला तेव्हा
वाळवंटात कपड्यांची बॅग टाकली,
आईनं दिलेला रेडिओ टाकला,
गिटार टाकली नाही.
अम्मानच्या तंबूत रात्री तिच्यावर डोकं ठेवून झोपायचा.
तेव्हापासून एकच, त्याच कंपनीची,
आर्नुल्फोच्या.

चार स्क्रू काढले. मान उचलली.
खाचेत शिक्का दिसला,
भलत्याच देशाचा, भलत्याच कारखान्याचा.
उलटून डोक्याकडे बघितलं :
नाव नंतर चिकटवलेलं,
वरून लाखेचा हात, इतका सफाईदार
की मला जमला नसता.

कायतान कागदी पेल्याची कड चावत होता.
'आत काय लिहिलंय रे?'
'धूळ आहे.'
पस्तीस वर्षं त्यानं ही मान कधी उघडली नव्हती,
मलाही आजवर उघडू दिली नव्हती.
'मग धूळच असू दे,' तो म्हणाला.

मी फडकं फिरवलं, रॉड अर्धा फेरा आवळला,
स्क्रू बसवले.
तीन दिनार घेतले,
घेतले नाहीत असं नाही.

त्यानं खर्जाची तार छेडली तेवढ्यात
आर्नुल्फो दारात.
डोक्यावरचं नाव बघितलं
आणि बाकावरून सरकत निहाललासुद्धा जागा करायला लावली.
एक बोट पुढे करून,
देवळात लावतात तसं, लाकडाला लावलं.
'बघ,' मला म्हणाला,
'याला म्हणतात जीव.'

निहाल काही बोलला नाही.
कायतान माझ्याकडे बघत नव्हता.
मी पाना पुसत राहिलो,
तो स्वच्छच होता.