लवण

बेसा रस्त्याच्या अलीकडचा जुना मोजणी नकाशा,
कापडाला चिकटवलेला, घडीवर फाटलेला.
नाल्याच्या वळणात फिकट शाईचा एकच शब्द:
लवण.

ऑफिसातल्या नव्या पोरानं विचारलं,
इथं मीठ निघायचं का, सर?
मी हसलो. मग मलाही नीट सांगता येईना.

शब्दकोशात दोन लवण शेजारी शेजारी.
एक संस्कृतातून आलेला, खारट, मानाचा.
दुसरा 'लवणे'तला, वाकलेला,
त्याच्यापुढे एवढंच: सखल जागा, पाणी साचते ती.

लटारूजी नान्हे तिथं शिंगाडे लावायचे,
मांडीएवढ्या गाळात उभे राहून.
म्हणाले, "लवन म्हंजे, जमीन लवते ना बाप्पा,
पानी आलं का. पाहुना आल्यावानी."
आणि बसल्या जागी थोडे वाकून दाखवलं.

आता तिथं प्लॉट चाळीस ते अठ्ठावन्न.
मुरुमाचे ट्रक किती ओतले, कोणी मोजले नाहीत.
कमानीवर नाव: शिखर विहार.

ऑगस्टात फरशीच्या सांध्यांतून ओल येते,
दसऱ्यापर्यंत भिंतींना लोणा लागतो.
बेचाळीस नंबरच्या ढोबळेबाईंनी
पांढरा पोपडा नखानं खरवडून
माझ्यासमोर जिभेला लावला.
खारट, म्हणाल्या.

पोराला सांगायचं राहूनच गेलंय.

नव्या नकाशात त्या जागी नुसते आकडे.
काल सगळे जेवायला गेल्यावर
पेन्सिलीनं लिहिला मी तो शब्द,
बारीक,
कोणालाही खोडता येईल असा.