उताणा, थोडासाच

केवळबाईचा उजवा हात
आधी पालथाच घेतला, नेहमीसारखा.
फोटोत मनगटाची सात हाडं सुटी दिसली.
आठवं होतं, पण दुसऱ्याच्या अंगावर चढून बसलेलं,
एकाच सावलीत दोघं.

पारोळ्याच्या कुटीर रुग्णालयात सकाळी लाइट जाते.
दुसरा फोटो पावणेबाराला.
तोवर ती बाकावर बसून
शेजारणीला सांगत होती,
खापर किती तापलं की मांडा टाकायचा.

वाटाण्याएवढं हाड. पुस्तकात नावही तसंच.
करंगळीच्या रेषेत खाली उतरा,
तळहात संपतो तिथं बोटाला टणक लागतं.
हात सैल सोडा, ते इकडेतिकडे सरकतं;
मूठ आवळा, रुतून बसतं.
बाकी सात एकमेकांना खेटून, बांधातल्या दगडांसारखी.
हे मात्र स्नायूच्या दोरीत ओवलेलं,
खालच्या एकाच हाडावर टेकलेलं.
मनगटाला जुन्या भाषेत मणिबंध म्हणतात.
ज्यानं म्हटलं त्यानं
एखाद्या रिकाम्या दुपारी
आपलाच हात असा चाचपला असेल.

तीस वर्षं ती याच जागेनं कणीक बडवते.
लग्नाच्या पंगतीची, परातभर,
उचलून आपटायची, पाणी लावायचं, पुन्हा आपटायची.
मग पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झुलवत
कोपरापर्यंत न्यायचा, फाटू न देता.
आता मांडा झुलला की करंगळी झोपते.
नस वाटाण्याच्या कडेनंच जाते, तिचा दोष नाही.

"हात उताणा करा, मावशी. पुरता नाही. थोडा.
कुणापुढे काही मागायला करतो तसा."
हात अर्ध्यावरच अडकला.
"आसं मांगानी सवय नही रे, भाऊ."
मग म्हणालो, उंडा घ्यायला करता तसा.
लगेच झाला. कोन मोजावा लागला नाही.

आणि वाटाणा एकटा, स्वच्छ दिसला.
दोन हाडांमधली फट जवळपास बुजलेली,
कड खरवडल्यासारखी.

सर म्हणाले, काढून टाकलं तरी चालतं.
जोर जरासा जातो, एवढंच.
"मंग ठेयेल कसाले व्हता?" तिनं मला विचारलं,
सरांना नाही.
मी विहिरीवरचं चाक सांगितलं:
दोराला काठापासून लांब धरतं, ओढ हलकी होते.
"चाक काढं ते पानी येई का नही?"
येतं, म्हटलं. ओढावं लागतं.

सोबत भाचीची पोर, सात वर्षांची,
मन्हाबी काढ म्हणून हात पुढे करून उभी.
तुझ्यात वाटाणा अजून यायचाय, मी म्हणालो,
सगळ्यांत शेवटी येतो, नवव्या-दहाव्या वर्षी, कधी बाराव्या.
तिनं दाबून पाहिलं. "से ना!"
बरोबर होती. तेव्हा तो कूर्चाच असतो,
बोटाला लागतो, फोटोला दिसत नाही.

आखाजीनंतर येते म्हणाली केवळबाई.
आखाजी झाली. रजिस्टरात तिच्या नावापुढं
'मनगट, उजवे, फोटो दोन' एवढंच.

परवा बहादरपूरला एका लग्नात
मांडवामागून कणीक आपटल्याचा आवाज येत होता.
धप्. मग बराच वेळ काही नाही. धप्.
ताट ठेवून मागं गेलो.
डाव्या हातानं बडवत होती.
उजवा मांडीवर ठेवलेला,
उताणा, थोडासाच.