पाटी

ओपुवोच्या वर्कशॉपात उएरिकुआ
गाडीखाली उताणा.
नुसते पाय दिसतात, एका बुटाला नाडी नाही.

मागच्या जूनमध्ये एका दगडानं
इंजिनाचं सगळं ऑइल वाळूला पाजलं
आणि मी लशींची पेटी डोक्यावर घेऊन
एकोणीस किलोमीटर चाललो.
बर्फ आधी वितळला, मग मी.
म्हातारा तिजांबो गुरं बांधून बसलेला;
त्यानं पेटी उघडूसुद्धा दिली नाही.

आता सहा मिलिमीटरचं पोलाद.
कंपनीचा मूळ पत्रा उएरिकुआनं
कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलाय.
“तेवढीच त्याची लायकी,” गाडीखालून आवाज.

वजन वाढेल, मी म्हणतो. डिझेल जास्त खाईल.
उत्तर नाही. पाना फिरतो.

परवा, खिंडीच्या उतारावर,
दाताखाली खडा यावा तसा आवाज,
पण अख्ख्या गाडीच्या दाताखाली.
श्वास धरून उतरलो, वाकलो.
काही ठिबकत नव्हतं.

परत आल्यावर त्यानं टॉर्च धरला.
पाटीवर ओरखडे, आडवेतिडवे,
पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखे.
बोटानं चाचपत तो वाचू लागला:
हा नदीतला. हा उतारावरचा.
आणि हा…
इथं तू घाई केलीस.