मोकळा हात

डुलुथमध्ये फेब्रुवारीत सरोवर रात्रभर कण्हतं.
बर्फाला तडा गेला की आवाज
थेट कॉर्लिसच्या तळघरात उतरतो,
जिथे दर गुरुवारी आम्ही पाचजण बसतो
कपडे वाळवायच्या मशीनला खेटून.
टेबलावर नकाशा, नकाशावर खारे शेंगदाणे.
एक शेंगदाणा म्हणजे एक गॉब्लिन.
मारला की खायचा.

कॉर्लिस दिवसा शाळेची बस हाकते,
गुरुवारी रात्री अख्खं जग.

त्या रात्री मी मरत होतो.
म्हणजे माझा चोर, टॅमरिक,
झुलत्या पुलावर पालथा, बरगडीत भाला,
दोन फासे वाईट पडलेले
आणि तिसरा माझ्या मुठीत घामेजलेला.
वेर्ना म्हणाली, थांब, मी त्याला बरं करते.
कॉर्लिसने चष्म्यावरून पाहिलं.
कुठल्या हाताने?

डाव्या हातात ढाल. उजव्यात घण.
आणि दीपस्तंभाच्या देवीचा कंदील,
पत्र्याचा, बोटभर,
गळ्यात, चिलखताच्या आत कुठेतरी.
चिन्ह हातात धरल्याशिवाय देवी ऐकत नाही
आणि हात तर दोनच.
देवाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात,
आमच्या नियमांच्या पुस्तकात
नेमकं उलटं लिहिलंय.

मग घणच माझं चिन्ह, वेर्ना म्हणाली,
माथ्यावर कंदील कोरलाय असं समजा.
झालं. टेबल हातघाईवर आलं.
थॅडियस म्हणाला, ज्याने कवट्या फोडायच्या
त्याच्याचपुढे कपाळ टेकायचं?
एझ्रा, सतरा वर्षांचा, फोनमधून मान न काढता:
क्रूस तरी काय होता, माणूस मारायचं साधनच ना.
थॅडियस रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो.
त्याने एक गॉब्लिन न मारताच खाल्ला.
मी म्हणालो, बाबांनो, धर्मचर्चा नंतर,
इथे माझं रक्त वाहतंय.

मशीन थांबलं.
कॉर्लिसने उठून मोजे बाहेर काढले,
जोड्या लावल्या, एक सुटा उरला,
तो खांद्यावर टाकून ती परत येऊन बसली.
चालेल, म्हणाली. घण तुझं चिन्ह.
पण ही देवी रक्ताआडून बघत नाही.
प्रत्येक घावानंतर पुसायचा,
खाचाखोचांतून, दांड्यापर्यंत,
त्यात तुझी एक खेळी जाईल
आणि तेवढ्यात जे व्हायचं ते होईल.

वेर्ना टेकडीवरच्या हॉस्पिटलात रात्रपाळी करते.
या खोलीतून त्या खोलीत जाताना हात धुते,
त्या खोलीतून या खोलीत येताना हात धुते.
नखांच्या कडा सोललेल्या.
कधी कधी आत पोचेपर्यंत
बेल वाजवणारा बेल वाजवायचा थांबलेला असतो.
हे तिने सांगितलं नाही. मला ठाऊक आहे,
माझे वडील तिच्या वॉर्डात होते.

पुसते, ती म्हणाली.
आणि खरंच पेन्सिल उचलून
कागदी रुमालाने पुसू लागली,
घाई न करता, टोकाकडून मागे.
कुणी हसलं नाही.
मी फासा टाकला.
तीन.

टॅमरिक गेला. पूल झुलत राहिला.
कॉर्लिस म्हणाली, सॉरी,
आणि वेर्ना पुसतच होती, खेळी संपली तरी,
देवी आता बघत असणार
पण बघायला काय उरलं होतं.

माझा नवा माणूस भटका वैदू आहे,
शस्त्राच्या रकान्यात अजून काही लिहिलं नाही.
एझ्राने फोन घरी ठेवून यायला सुरुवात केली,
का ते विचारू नका.
आणि वेर्ना,
ती गॉब्लिन मारते, खाते,
मग बोटांवरचं मीठ एक एक करून पुसते
आणि मगच फाशांना हात लावते.
तोवर आम्ही थांबतो.
बाहेर बर्फ तडकतो, आम्ही थांबतो.